शलमोनाची घसरण नेमकी कोठे सुरू होते?

इब्री शास्त्रातील शलमोन राजाची गोष्ट बहुतेक वेळा दोन तुकड्यांत सांगितली जाते. पहिल्या तुकड्यात तान्ह्या बाळावरून भांडणाऱ्या दोन स्त्रियांचा निवाडा करणारा, यरुशलेमेत परमेश्वराचे मंदिर उभारणारा आणि शबाच्या राणीला थक्क करून सोडणारा ज्ञानी राजा असतो. दुसऱ्या तुकड्यात म्हातारपणी परदेशी बायकांच्या नादाने परक्या दैवतांपुढे वाकलेला राजा असतो. मधली वाट कोणी दाखवत नाही. त्यामुळे आयुष्यभर सरळ चाललेल्या माणसाचे पाऊल अखेरीस एकाएकी वाकडे पडले, असा ऐकणाऱ्याचा समज होतो. १ राजे या ग्रंथाचे पहिले अकरा अध्याय सलग वाचल्यावर हा समज टिकत नाही, असे माझे मत आहे. अकराव्या अध्यायात जे उघड्यावर येते त्याची सुरुवात तिसऱ्या अध्यायात, गिबोनच्या प्रसिद्ध स्वप्नाच्याही आधी झालेली आहे; आणि राजाचे ज्ञान त्याला वाचवू शकले नाही, कारण प्रत्येक चुकीच्या पावलासाठी पटण्याजोगे कारण त्या ज्ञानानेच पुरवले.

तिसऱ्या अध्यायाची मांडणी बारकाईने पाहावी. पहिल्याच वचनात शलमोनाने मिसरच्या (इजिप्तच्या) फारोशी, म्हणजे तेथील राजाशी, सोयरीक करून त्याची मुलगी दावीदनगरात आणल्याचे सांगितले आहे. त्यानंतर त्याचे परमेश्वरावर प्रेम होते आणि तो आपला बाप दावीद याच्या नियमांप्रमाणे चालत असे, असे वाक्य येते. पण त्याच वाक्याच्या शेवटी, तो उच्चस्थानी (डोंगरमाथ्यावरच्या पूजास्थानी) यज्ञ करी आणि धूप जाळी, हा अपवाद जोडलेला आहे. मग गिबोन येथे एक हजार होमार्पणे होतात, रात्री परमेश्वर दर्शन देतो, आणि राजा दीर्घायुष्य, संपत्ती किंवा शत्रूंचा जीव न मागता प्रजेचा न्याय करण्यासाठी समजूतदार अंतःकरण मागतो. ही मागणी खरोखर सुंदर आहे आणि तिच्यात मला कोठेही ढोंग दिसत नाही. तरीही लेखकाने फारोची मुलगी आणि तो अपवाद या दोन्ही गोष्टी स्वप्नाच्या आधी ठेवल्या आहेत, हे विसरता येत नाही. जे राष्ट्र मिसरच्या दास्यातून सुटल्याच्या आठवणीवर उभे आहे, त्याचा राजा आपल्या कारकिर्दीच्या प्रारंभीच मिसरचा जावई झाला आहे.

एक तपशील याहूनही सहज नजरेआड होतो. चौदाव्या अध्यायात शलमोनाचा मुलगा रहबाम गादीवर बसला तेव्हा ४१ वर्षांचा होता आणि त्याच्या आईचे नाव नामा असून ती अम्मोनी, म्हणजे शेजारच्या परक्या राष्ट्रातली, होती, असे लिहिले आहे. आईचा हा उल्लेख त्या एकाच अध्यायात दोनदा येतो. शलमोनाने ४० वर्षे राज्य केले. हिब्रू पाठातील हे आकडे जसेच्या तसे घेतले, तर शलमोन राजा होण्यापूर्वीच, म्हणजे दावीद हयात असताना, अम्मोनी स्त्री त्याच्या घरात आलेली होती आणि तिला मुलगाही झालेला होता. अकराव्या अध्यायात शलमोन ज्या मिलकोमच्या मागे गेला असे म्हटले आहे, तो याच अम्मोन्यांचा देव होय. म्हातारपणाने त्याला काही नवे शिकवले नाही; जे घरात होते त्याला विरोध करण्याची शक्ती तेवढी संपली.

यापुढचे अध्याय वैभवाचे आहेत, आणि माझ्या मते घसरणीचा सर्वांत मोठा भाग या वैभवातच दडलेला आहे. मंदिराला ७ वर्षे लागली, असे सहाव्या अध्यायाचे शेवटचे वचन सांगते, आणि लगेच पुढचे वचन सांगते की स्वतःच्या राजवाड्याला १३ वर्षे लागली. मंदिर ६० हात लांब आणि २० हात रुंद होते. राजवाड्याच्या परिसरातील लबानोनवनगृह नावाची एकच इमारत १०० हात लांब आणि ५० हात रुंद होती. मंदिराचे काम घाईने आणि स्वतःचे सावकाश केले म्हणून काही जुने यहुदी भाष्यकार याबद्दल त्याची स्तुतीच करतात, आणि तसे वाचणेही शक्य आहे. परंतु दोन आकडे असे खेटून ठेवणाऱ्या लेखकाला वाचकाने काहीच ताडून पाहू नये असे वाटत असेल, हे मला पटत नाही.

बांधकामापेक्षा मला बांधणाऱ्यांची काळजी जास्त वाटते. पाचव्या अध्यायाप्रमाणे राजाने इस्राएलातून ३०,००० माणसे वेठीला धरली आणि त्यांतील दहा-दहा हजारांना पाळीपाळीने एक महिना लबानोनात पाठवले; ते एक महिना तेथे आणि दोन महिने घरी राहत. याखेरीज ७०,००० ओझी वाहणारे आणि ८०,००० डोंगरात दगड काढणारे होते. या सगळ्या वेठीवर अदोनीराम नावाचा अधिकारी नेमलेला होता. नवव्या अध्यायात इस्राएलांपैकी कोणाला दास केले नाही, केवळ देशात उरलेल्या इतर लोकांना कायमच्या वेठीला लावले, असा खुलासा येतो. पण शलमोनाच्या मृत्यूनंतर इस्राएलातील लोक रहबामाकडे जाऊन जे म्हणतात त्यावरून त्यांना तो फरक जाणवलेला दिसत नाही. तुझ्या बापाने आमच्यावर जड जू ठेवले, ते हलके कर, एवढेच त्यांचे गाऱ्हाणे आहे. रहबाम ऐकत नाही आणि वर वेठीवरच्या त्याच अधिकाऱ्याला त्यांच्याकडे पाठवतो. बाराव्या अध्यायात त्याचे नाव अदोराम असे येते. लोक त्याला दगडमार करून ठार करतात. मंदिराचा इतिहास सांगताना या माणसाचा शेवट सहसा सांगितला जात नाही. मला मात्र तो सांगितल्याशिवाय शलमोनाच्या ज्ञानाचे मोल ठरवता येत नाही, कारण गिबोनला जे ज्ञान मागितले होते ते या लोकांचा न्याय करण्यासाठी मागितले होते.

मोशेच्या नियमशास्त्रातील अनुवाद या पाचव्या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात राजासाठी थोडेच नियम आहेत. त्याने पुष्कळ घोडे बाळगू नयेत आणि घोड्यांसाठी लोकांना मिसरात परत पाठवू नये. त्याने पुष्कळ बायका करू नयेत, नाहीतर त्याचे मन बहकेल. त्याने सोन्यारुप्याचा फार मोठा साठा करू नये. आणि या नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून घेऊन ती आयुष्यभर वाचावी. आता १ राजेचा दहावा अध्याय उघडावा. वर्षाला ६६६ किक्कार (वजनाचे एक मोठे माप) सोने येते, सोन्याच्या ढाली घडतात, हस्तिदंती सिंहासन सोन्याने मढवले जाते, चांदीला कोणी विचारत नाही. मग १,४०० रथ आणि १२,००० स्वार येतात. मग घोडे मिसरातून येतात, आणि रथाला ६०० व घोड्याला १५० शेकेल असा दरही दिलेला आहे. त्यानंतर अकरावा अध्याय सुरू होतो तो ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी यांनी. जे जे करू नये म्हणून सांगितले होते, ते एकामागोमाग एक मांडले आहे, आणि लेखक त्यावर दहाव्या अध्यायात एक शब्दही बोलत नाही. वैभवाचे वर्णन म्हणून वाचणारा वाचतो, आणि अनुवाद ठाऊक असलेला वाचक हबकतो. (या सोन्यातील काही ओफीरहून येई. ते ठिकाण कोठे असावे याविषयी जे तर्क झाले, त्यांत आपल्या सोपाऱ्याचे, म्हणजे प्राचीन शूर्पारकाचे नावही सुचवले गेलेले आहे. त्याला पुरावा नाही, परंतु कोकणच्या वाचकाला ते नाव अनपेक्षितपणे भेटते म्हणून नोंदवतो.)

शेवटची गोष्ट त्याच्या प्रार्थनेविषयी. गिबोनला परमेश्वर बोलतो आणि शलमोन मोकळेपणाने, लहान मुलाने बोलावे तसे उत्तर देतो. आठव्या अध्यायात मंदिरार्पणाच्या वेळी तो शास्त्रातील अत्यंत उदार प्रार्थनांपैकी एक करतो आणि दूर देशाहून आलेल्या परक्याचीही विनंती ऐकावी असे मागतो. नवव्या अध्यायात परमेश्वर दुसऱ्यांदा दर्शन देतो, स्पष्ट इशारा देतो, आणि राजाचे उत्तर नोंदलेले नाही. अकराव्या अध्यायात राज्य फाटणार असे परमेश्वर सांगतो, तेव्हाही राजा गप्पच असतो. त्यानंतर त्याची एकच कृती सांगितली आहे: त्याच्याच ज्या यराबाम नावाच्या अधिकाऱ्याला इस्राएलाच्या बारांपैकी दहा वंश मिळणार, त्याला ठार मारण्याचा प्रयत्न. त्याच्या बापाच्या बाबतीत आधीचा राजा शौल असाच वागला होता. दावीदाचे पाप अधिक भयंकर होते, पण संदेष्टा नाथान समोर उभा राहिला तेव्हा दावीद म्हणाला की मी पाप केले आहे. शलमोनाच्या दरबारात मंत्री, लेखक, सेनापती आणि कारभारी यांची यादी आहे; संदेष्टा नाही. अहीया नावाचा संदेष्टा अखेरीस येतो, तोही राजाकडे जात नाही. रस्त्यात यराबामाला गाठून नव्या झग्याचे बारा तुकडे करतो आणि त्यांतले दहा त्याच्या हाती देतो.

इतर वाचकांना हे वाचन कसे वाटते, ते जाणून घेण्याची इच्छा आहे.

प्रतिसाद १: शास्त्र स्वतःच कारण देते

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण मला वाटते की आपण एका सरळ गोष्टीला वळसा घालत आहात. अकरावा अध्याय स्पष्ट सांगतो की त्याच्या बायकांनी त्याचे मन अन्य देवांकडे वळवले. नहेम्याच्या तेराव्या अध्यायातही तेच कारण आहे: अनेक राष्ट्रांत त्याच्यासारखा राजा नव्हता, देवाला तो प्रिय होता, तरी परदेशी बायकांनी त्याला पाप करायला लावले. शास्त्राने शास्त्राचा अर्थ सांगितल्यावर वेठ, घोडे आणि दरबारातील याद्या यांच्यात कारण शोधण्याची गरज राहत नाही. आमच्या मंडळीत तरुणांना हा अध्याय शिकवताना आम्ही संगतीचा परिणाम हाच धडा देतो आणि तो योग्य आहे असे मी मानतो.

धागालेखकाचे उत्तर

नहेम्याचे वचन मला मान्य आहे, आणि संगतीचा धडाही खोटा नाही. माझा प्रश्न इतकाच आहे की या बायका घरात आल्या कशा. अकराव्या अध्यायातील यादी पाहावी: मवाबी, अम्मोनी, अदोमी, सीदोनी, हित्ती. ही त्याच्या राज्याच्या चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची नावे आहेत. यांतील पुष्कळशी लग्ने तहाची असणार, कारण त्या काळी राजे तह असेच पक्के करीत. अशा प्रत्येक लग्नामागे एक शहाणा हिशेब असतो: सरहद्द शांत राहील, व्यापाराची वाट मोकळी राहील, सैन्याचा खर्च वाचेल. हा हिशेब चुकीचाही नव्हता. प्रत्येक माणूस आपापल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराच्या झाडाखाली निर्भय बसे, असे चौथा अध्याय सांगतो. पण राजकन्या आली की तिच्यासोबत तिचा देव येतो, देव आला की त्याला जागा लागते, आणि यरुशलेमेच्या पूर्वेच्या डोंगरावर कमोश आणि मोलख या मवाबी व अम्मोनी देवांची उच्चस्थाने राजाच्याच आज्ञेने उभी राहतात. ती तेथे सुमारे तीनशे वर्षे राहिली. २ राजेच्या तेविसाव्या अध्यायात यहूदाचा राजा योशीया ती भ्रष्ट करतो, तेव्हाही ती शलमोनाने बांधलेली म्हणूनच ओळखली जातात.

दुसरे असे, की या हजार स्त्रियांपैकी एकीच्याही तोंडी या अध्यायात एक शब्द नाही. नामा सोडली तर नावेसुद्धा उरलेली नाहीत. तरुणांना शिकवताना सगळा भार त्यांच्यावर टाकला, तर निर्णय घेणारा राजा आपल्या हातून निसटतो. परमेश्वर रागावतो तो राजावर, आणि कारणही देतो: दोनदा दर्शन देऊनही त्याने ऐकले नाही.

प्रतिसाद २: आमच्याकडील जुने वाचन

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, कुटुंबातली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आमच्या समाजात शास्त्रातील कथांवर मराठीतून कीर्तने होऊ लागली आणि आमच्या आजीच्या पिढीपर्यंत त्या गोष्टी त्याच लयीत सांगितल्या जात. घरात ऐकलेला शलमोन हा नेहमी पहिल्या तुकड्यातलाच असे, हे आपले म्हणणे मला लगेच पटले.

आपण जे ज्ञानाबद्दल लिहिले आहे, त्याला तालमुदातील (यहुदी रब्बींच्या चर्चांच्या जुन्या संग्रहातील) सन्हेद्रीन या भागात थेट आधार आहे. तेथे रब्बी इसहाक विचारतात की तोराने (मोशेच्या नियमशास्त्राने) आपल्या आज्ञांची कारणे का सांगितली नाहीत, आणि उत्तर देतात की दोन आज्ञांची कारणे सांगितली आणि जगातला थोर माणूस तेथेच अडखळला. बायका पुष्कळ करू नयेत, कारण मन बहकेल. शलमोन म्हणाला, मी पुष्कळ करीन आणि बहकणार नाही. घोडे पुष्कळ बाळगू नयेत, कारण लोक मिसरात परत जातील; तो म्हणाला, मी बाळगीन आणि परत नेणार नाही. नियमाचा हेतू आपल्याला कळला आहे, तेव्हा तो हेतू आपण दुसऱ्या मार्गाने सांभाळू, असे ज्याला वाटते त्याच्यासाठी नियम उरतच नाही. सामान्य माणसाला हा मोह होत नाही, कारण त्याला आपल्या बुद्धीचा एवढा भरवसा नसतो.

त्याच तालमुदात, शब्बाथ या भागात, याच्या उलट मतही आहे हे सांगायला हवे. शलमोनाने पाप केले असे जो म्हणतो तो चुकतो, असे तेथे एक मत मांडले आहे: उच्चस्थाने बांधण्यात त्याचा स्वतःचा हात नव्हता, पण त्याने बायकांना अडवले नाही, म्हणून शास्त्राने ते त्याच्या नावावर लावले. मला हे मत राजाची सुटका करणारे वाटत नाही. ज्याच्या एका शब्दाने लबानोनातून देवदार येत, त्याचे गप्प राहणे हाच त्याचा निर्णय होता.

प्रतिसाद ३: अनुवादाचा नियम आधीचा की नंतरचा?

आपल्या वाचनाचा कणा अनुवादाच्या सतराव्या अध्यायावर आहे, आणि तेथेच मला अडचण वाटते. अनुवादाचा गाभा इ.स.पू. सातव्या शतकात, योशीयाच्या सुमारास आकाराला आला, असे अनेक अभ्यासक मानतात. शलमोनाचा काळ सर्वसाधारणपणे इ.स.पू. दहावे शतक. तेव्हा शलमोनाने नियम मोडले असे म्हणण्याऐवजी, त्याच्या आठवणीवरून नियम लिहिले गेले असे म्हणणे अधिक सयुक्तिक नाही का? शिवाय हासोर, मगिद्दो आणि गेजेर येथील सहा दालनांच्या वेशी शलमोनाच्या की त्यानंतरच्या शतकातील, यावर पुरातत्त्वज्ञांत अजून वाद आहे. मगिद्दोचे तथाकथित तबेले तर त्याच्या नंतरच्या काळातले मानले जातात. सोन्याचे आणि घोड्यांचे आकडे इतिहास म्हणून किती घ्यावेत, हा प्रश्न उरतोच.

धागालेखकाचे उत्तर

आपला आक्षेप रास्त आहे आणि आकड्यांबाबत मी आग्रह धरणार नाही. घोड्यांच्या ठाणांची संख्या १ राजेत ४०,००० आणि २ इतिहास या ग्रंथात ४,००० अशी आहे, यावरूनच सावध व्हावे. पण मी येथे ग्रंथाने रेखाटलेल्या माणसाबद्दल बोलत आहे, उत्खननातल्या राजाबद्दल नाही. नियम शलमोनावरून लिहिला गेला असेल, तर माझे म्हणणे अधिकच पक्के होते. याचा अर्थ असा की पुढच्या पिढ्यांनी मागे वळून पाहिले तेव्हा त्यांना त्या राज्याचा नाश मूर्तिपूजेच्या एका प्रसंगात दिसला नाही. तो घोडे, सोने आणि सोयरिकी यांत दिसला, आणि पुन्हा तसा राजा होऊ नये म्हणून त्यांनी नेमक्या याच गोष्टींना कुंपण घातले. त्यात राजाने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहावी ही अट का घातली असेल, याचा विचार मी बरेच दिवस करतो आहे. तीन हजार नीतिवचने सांगणाऱ्या राजाबद्दल, तो नियमशास्त्र वाचत बसला असे मात्र एकदाही लिहिलेले नाही.

प्रतिसाद ४: त्याने पश्चात्ताप केला का?

उपदेशक हा ग्रंथ परंपरेने शलमोनाचा मानला जातो आणि तो त्याच्या म्हातारपणचा समजला जातो. सगळे व्यर्थ आहे म्हणणारा तो माणूस बागा, तळी, दासदासी आणि सोनेनाणे हे सगळे मोजून झाल्यावर देवाचे भय धर आणि त्याच्या आज्ञा पाळ, या वाक्यापर्यंत येतो. यालाच आपण त्याचा पश्चात्ताप म्हणू शकत नाही का? मला तसे मानावेसे वाटते, कारण गिबोनच्या त्या मुलाचा शेवट असा व्हावा हे सहन होत नाही.

धागालेखकाचे उत्तर

आपली भावना मी समजू शकतो आणि ती अनेक शतकांच्या वाचकांची आहे. तालमुदात तर सैतानांचा राजा अश्मेदाय शलमोनाला गादीवरून दूर फेकतो आणि तो दारोदार, मी यरुशलेमेत इस्राएलाचा राजा होतो, असे सांगत फिरतो, अशी कथा आहे. तिच्यामागेही तीच इच्छा दिसते. उपदेशकाची भाषा शलमोनाच्या काळाच्या पुष्कळ नंतरची आहे, असे आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. परंतु तो त्याचाच मानला तरी त्यात देवाला उद्देशून एकही प्रार्थना नाही. दावीदाच्या पश्चात्तापात तो देवाशी बोलतो. उपदेशक देवाविषयी बोलतो.

२ इतिहास या ग्रंथाच्या लेखकाने तर १ राजेच्या अकराव्या अध्यायातील घसरणीची कथा पूर्णच गाळली आहे. त्याच्या ग्रंथात शलमोन वैभवातच मरतो. फारोच्या मुलीपुरता एक बोलका तपशील तेवढा त्याने ठेवला आहे: जेथे परमेश्वराचा कोश (आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी) आला ती जागा पवित्र आहे, म्हणून माझ्या पत्नीने दावीदाच्या घरात राहू नये, असे शलमोन म्हणतो आणि तिच्यासाठी वेगळे घर बांधतो. काय पवित्र आहे हे त्याला बरोबर कळत होते. त्या समजुतीतून त्याने जो मार्ग काढला, तो आणखी एका इमारतीचा होता.

पश्चात्तापाच्या बाजूने मला सापडलेला सर्वांत भक्कम आधार २ इतिहासाच्या अकराव्या अध्यायात आहे. रहबामाच्या कारकिर्दीत यहूदाचे लोक पहिली तीन वर्षे दावीद आणि शलमोन यांच्या मार्गाने चालले, असे तेथे म्हटले आहे, आणि ते स्तुती म्हणून म्हटले आहे. शेवट वाईटच झाला असता तर त्याचे नाव दावीदाच्या जोडीने असे घेतले असते का, असा युक्तिवाद काही भाष्यकार करतात. मला तो पुरेसा वाटत नाही, कारण २ इतिहासाचा लेखक शलमोनाची मूर्तिपूजा कोठेच सांगत नाही आणि त्याच्या लेखी सावरण्यासारखे काही घडलेलेच नाही. १ राजेचा लेखक मात्र यराबामाला मारण्याच्या प्रयत्नानंतर थेट ४० वर्षांच्या राज्याची आणि दावीदनगरातल्या दफनाची नोंद करतो. मधे पश्चात्तापाचे एखादे वाक्य लिहायला त्याच्याकडे जागा होती, आणि त्याने ते लिहिलेले नाही.